झोपेच्या रेशनचा चित्रपट: पुनर्संकलनाच्या नोंदी

पूर्ण झालेला, एकदा लोकांना दाखवून झालेला आणि कोणालाच न कळलेला एक कमी बजेटचा डिस्टोपियन, म्हणजे जाचक भविष्यकाळाचा, चित्रपट नव्याने कापायला माझ्याकडे आला. लांबी ११८ मिनिटं. कलाकार पांगलेले, पैसे संपत आलेले, पुन्हा चित्रीकरणाला जवळजवळ वाव नाही. अशी कामं बऱ्याच संकलकांच्या वाट्याला येतात. म्हणून काय चाललं आणि काय फसलं ते त्या त्या वेळी लिहून ठेवलं.

६ जानेवारी

सगळा चित्रपट एका बैठकीत, मध्ये न थांबवता पाहिला. वहीत एकच गोष्ट टिपायची ठरवली होती: या जगाचा नवा नियम प्रेक्षकाला कुठे कळतो. ३ऱ्या मिनिटाला कळतं की इथे झोप रेशनवर मिळते. प्रत्येकाकडे कार्ड, त्यावर रोजचा शिक्का, शिक्क्याशिवाय झोपणं गुन्हा. २२व्या मिनिटाला हवा विषारी असल्याचं कळतं आणि सगळ्यांच्या तोंडावर मास्क येतात. ४१व्या मिनिटाला भुयारात राहणारे विद्रोही भेटतात, त्यांची स्वतःची भाषा आणि स्वतःचे कायदे. १०४व्या मिनिटाला नायक हा प्रयोगशाळेत बनवलेली प्रतिकृती निघतो. चार नियम, आणि एकाचा दुसऱ्याशी संबंध नाही.

चाचणी खेळानंतर प्रेक्षकांनी भरून दिलेले कागद दिग्दर्शकाने सोबत दिले होते. ‘संथ आहे’, ‘डोक्यावरून गेला’ हे त्यात होतंच, पण सगळ्यांत जास्त वेळा आलेला प्रश्न अगदी साधा होता: मास्क कधी लागतो आणि कधी नाही? उत्तर साउंड रिपोर्टमध्ये, म्हणजे आवाज रेकॉर्ड करणाऱ्याने सेटवर ठेवलेल्या नोंदींमध्ये, सापडलं. मास्कमुळे संवाद दबके येत होते आणि सगळंच डब करण्याइतके पैसे नव्हते, म्हणून दुसऱ्या आठवड्यापासून आतल्या दृश्यांमधले मास्क काढून टाकले. सेटवर असे निर्णय घ्यावेच लागतात. पडद्यावर मात्र एकाच खोलीत दोघं मास्क लावून बसलेत, तिसरा उघड्या तोंडाने बोलतोय आणि कोणालाच काही होत नाहीये, असं दिसतं. तिथून पुढे या जगात काही धोका आहे यावर प्रेक्षकाचा विश्वास बसत नाही.

मनापासून आवडलं ते एकच. नायक शिक्के मारणारा कारकून आहे. तो शिक्का शाईच्या पॅडवर दाबतो, कार्डावरच्या चौकटीत बरोबर बसवतो आणि उचलताना मनगट किंचित वळवतो, शाई पसरू नये म्हणून. नटाने हे कुठूनतरी नीट शिकून घेतलेलं आहे. त्या हातात माणसाची नोकरीतली वर्षं दिसतात. मूळ कटमध्ये, म्हणजे आधी जोडलेल्या आवृत्तीत, हा शॉट जेमतेम दोन सेकंद आहे.

९ जानेवारी

प्रत्येक दृश्याचं एक कार्ड करून भिंतीवर लावलं. कार्डावर तीन ओळी: यात कोणाला काय हवं आहे, आड काय येतं, आणि प्रेक्षकाला नवीन काय कळतं. तिसरी ओळ जवळपास प्रत्येक कार्डावर खच्चून भरलेली. पहिली ओळ मधल्या पन्नास मिनिटांत बहुतेक ठिकाणी कोरी.

कथानक का गोंधळलंय ते यातून लगेच दिसलं. माहिती भरपूर आहे, पण ती ज्याला हवी आहे असा माणूस दृश्यात नाही. दोन पात्रं एकमेकांना अशा गोष्टी सांगतात ज्या दोघांनाही लहानपणापासून ठाऊक असणार. ‘तुला माहीतच आहे की युद्धानंतर सरकारने…’ अशी सुरुवात असलेली वाक्यं मी लाल पेन्सिलने खुणावली आणि भिंत लाल दिसायला लागली.

ज्यांच्याकडे असं काम येईल त्यांनी संगणकावर हात ठेवण्याआधी हे कागदावर करावं. टाइमलाइनवर, म्हणजे संगणकावर शॉट क्रमाने जोडायच्या पट्टीवर, बसलं की आपण शॉट सुंदर आहे का ते बघत राहतो, आणि दृश्य हवंच आहे का हा प्रश्न मागे पडतो.

१३ जानेवारी

कथेवर यायच्या आधी एक तांत्रिक घोळ निस्तरावा लागला आणि त्यात बराच वेळ गेला. लांब टेकमध्ये, म्हणजे न थांबता केलेल्या एका चित्रीकरणात, ओठ आणि आवाज हळूहळू सुटत होते. टेकच्या सुरुवातीच्या क्लॅपच्या, म्हणजे पाटी आपटल्याच्या, आवाजावर जुळवलं की सुरुवात बरोबर, पण पाच मिनिटांच्या टेकच्या शेवटी सात फ्रेमचा फरक. आधी आवाज रेकॉर्ड करणाऱ्या यंत्रावर संशय गेला, त्याच्या फायली तपासल्या, त्या निर्दोष निघाल्या.

कारण कॅमेऱ्यांत होतं. ए कॅमेरा सेकंदाला २४ फ्रेमवर चाललेला, भाड्याने आणलेला बी कॅमेरा २३.९७६ वर. आधीच्या संकलनात बी कॅमेऱ्याचं सगळं फुटेज २४ चं आहे असं सॉफ्टवेअरला सांगितलं होतं. त्यामुळे चित्र ०.१ टक्का जलद धावत होतं आणि आवाज मूळ वेगाने. तासाला ३.६ सेकंदांचा फरक. छोट्या शॉटमध्ये तो जाणवत नाही आणि म्हणूनच कोणाच्या लक्षात आला नाही. पण या चित्रपटातले चांगले टेक सगळे लांब आहेत.

पहिला उपाय म्हणजे बी कॅमेऱ्याचं फुटेज मूळ वेगानेच २४ च्या टाइमलाइनवर ठेवायचं. मग सॉफ्टवेअर साधारण दर ४२ सेकंदांनी एक फ्रेम दोनदा दाखवतं. बोलणाऱ्या चेहऱ्यावर ते कळत नाही, पण कॉरिडॉरमधल्या संथ ट्रॉली शॉटमध्ये स्पष्ट झटका दिसला. म्हणून दुसरा उपाय घेतला: चित्र जलदच राहू दे, बी कॅमेऱ्यासोबत वापरायच्या आवाजाची वेगळी प्रत काढून तीही ०.१ टक्का जलद करायची. स्वरातला एवढा फरक कानाला कळत नाही. दोन्ही कॅमेरे एकत्र चाललेल्या टेकमध्ये मात्र प्रत्येक कटवर सिंक, म्हणजे ओठ आणि आवाजाचा मेळ, हाताने तपासावा लागला. त्याला पळवाट नाही.

१८ जानेवारी

दिग्दर्शकाची इच्छा होती की कारकुनाच्या आवाजात निवेदन घालून सगळं समजावून द्यावं. त्याने रात्र जागून ते लिहून आणलं. तात्पुरत्या आवाजात रेकॉर्ड करून पूर्ण पहिल्या भागावर लावून पाहिलं. फसलं.

मुद्दाम लिहून ठेवते, कारण गोंधळलेल्या चित्रपटाला निवेदन हा सगळ्यांना पहिल्यांदा सुचणारा उपाय असतो. ‘ब्लेड रनर’ या चित्रपटाच्या बाबतीतही चाचणी खेळांनंतर १९८२ च्या प्रदर्शित आवृत्तीत नायकाचं निवेदन आलं आणि १९९२ च्या दिग्दर्शकाच्या आवृत्तीत ते पूर्ण काढलं गेलं. तरी तिथे पडद्यावरचं जग इतकं भरीव होतं की निवेदन असलं काय, नसलं काय, बघायला काहीतरी होतं. आमच्याकडे निवेदनाने आणखी माहिती आणली, आणि माहिती आधीच जास्त होती. शिवाय सगळ्यांत वाईट परिणाम शिक्क्याच्या शॉटवर झाला. ‘रोज शेकडो लोकांची झोप माझ्या हातात असायची’ हे वाक्य त्या हातावर आलं आणि हात मेला. जे डोळ्यांनी कळत होतं ते कानाने आधीच सांगून टाकलं होतं.

२३ जानेवारी

आजचा दिवस या कामातला सगळ्यांत अवघड. दिग्दर्शकासमोर भिंतीवरची कार्डं चार गठ्ठ्यांत विभागली, प्रत्येक नियमाचा एक गठ्ठा, आणि एकच ठेवायचा असेल तर कुठला असं विचारलं.

तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, “ताई, प्रतिकृतीचा भाग काढला तर प्रयोगशाळाही जाईल. निम्म्याहून जास्त पैसे तिथेच गेलेत.”

मला ते माहीत होतं. तो सेट, त्यातले काचेचे नळकांडे, त्यांवरचे संगणकीय परिणाम, सगळं मेहनतीने केलेलं आहे. पण त्या उलगड्याने आधीचे शंभर मिनिटांचे कष्ट पुसले जातात. कारकुनाला एक आजारी मुलगी आहे. तिला जास्त झोप लागते, म्हणून तो तिच्या कार्डावर चोरून जादा शिक्के मारतो आणि ते शिक्के रांगेतल्या एका बाईच्या वाट्याचे असतात. ही खरी गोष्ट आहे. शेवटी तो माणूसच नव्हता, मुलगीही त्याच्या डोक्यात भरलेली आठवण होती असं सांगितलं की त्या बाईची गेलेली झोप कोणाच्याच माथी राहत नाही. प्रेक्षक सुटतो, कारकूनही सुटतो.

अशा चित्रपटात जग किती भयंकर आहे हे दाखवायला पैसे लागतात. एका नियमाची किंमत एका माणसाला मोजायला लावली तर फार लागत नाहीत. हे मी त्याला सांगितलं आणि तो “उद्या सांगतो” म्हणून गेला. रात्री उशिरा फोन आला: “झोप ठेवू. बाकी काढा. पण विद्रोह्यांना पूर्ण काढू नका.”

३० जानेवारी

पहिला नवा कट जोडला आणि चित्रपट कोसळला. मास्कची दृश्यं काढणं सोपं गेलं, एक बाजारातलं दृश्य सोडता कोणाचाच अडसर आला नाही. प्रयोगशाळा गेली तशी शेवटची पंधरा मिनिटं गेली आणि गोष्टीला शेवट उरला नाही. ज्या बाईवर सगळं उभं करायचं ठरवलं ती मूळ चित्रपटात फक्त दोनदा दिसते: एकदा रांगेत आणि एकदा कारखान्यात यंत्रावर डुलकी लागून अपघात होतो तेव्हा. ती झोपेशिवाय कशी झिजत गेली हे कुठेच नाही.

मग सगळं कच्चं फुटेज क्लॅपच्या आधीपासून ‘कट’च्या नंतरपर्यंत पाहायला घेतलं. वापरलेले टेक सोडून बाकीचं कोणी पाहिलेलंच नसतं. रांगेच्या दृश्याच्या एका टेकनंतर कॅमेरा बंद करायचा राहून गेला होता. प्रकाशयोजना बदलतायत, मागून माणसं तारा ओढतायत, आणि ही अभिनेत्री बाकावर बसली आहे. हातात कार्ड तसंच धरलेलं. मान हळूहळू खाली जाते, हनुवटी छातीला टेकते, मग एकदम दचकून वर येते आणि पहिली गोष्ट ती कुठली करते तर हातातलं कार्ड जागेवर आहे ना ते बघते. पुन्हा मान खाली जाते. तिला खरोखर झोप आली होती.

तिला फोन करून विचारल्याशिवाय हे वापरायचं नाही असं ठरवलं. चित्रीकरण संपलेलं असताना टिपलं गेलेलं हे तिचं खाजगी क्षणचित्र आहे. तिने पाहिलं आणि आनंदाने हो म्हटलं. मागची तार ओढणारी माणसं फ्रेम थोडी आत घेऊन बाहेर काढली. त्यामुळे चित्र जरा भरड झालं, पण रात्रीच्या दृश्याला ते खपतं. चित्रपटाचा मधला खांब आता हा शॉट आहे.

६ फेब्रुवारी

शहराचे बाहेरून दिसणारे शॉट. धुरकट मनोरे, उडती वाहनं, हिरव्या अक्षरांचे पडदे. स्वस्तात केलेले संगणकीय परिणाम एका क्षणात ओळखू येतात आणि प्रत्येक वेळी प्रेक्षक गोष्टीतून बाहेर पडतो. सगळे काढले. फ्रेंच दिग्दर्शक गोदारने १९६५ मध्ये ‘अल्फाविल’ हा भविष्यातल्या शहराचा चित्रपट त्या वेळच्या पॅरिसमध्येच, वेगळे सेट न उभारता चित्रित केला. काचेच्या इमारती, जिने आणि रात्रीचे दिवे एवढ्यावर परकं शहर उभं राहिलं. आमच्याकडेही खऱ्या सरकारी छापाच्या इमारतीतला एक लांब कॉरिडॉर होता. त्याचे न वापरलेले शॉट भरपूर निघाले. शहर आता तेवढंच आहे.

पूर्वीच्या युद्धाची माहिती स्थिरचित्रांतून द्यायचा प्रयोगही केला. क्रिस मार्करचा १९६२ चा ‘ला जेते’ २८ मिनिटांचा आहे आणि एक छोटा हलता शॉट वगळता तो सगळा स्थिरचित्रांवर चालतो, म्हणून दिग्दर्शकाला ही वाट खुणावत होती. पण ती छायाचित्रं छायाचित्रं म्हणूनच काढलेली आहेत. आम्ही चालत्या फुटेजमधून फ्रेम उचलत होतो. सेकंदाला २४ फ्रेम आणि नेहमीचं शटर म्हणजे प्रत्येक फ्रेम १/४८ सेकंद उघडी. हलणारा प्रत्येक हात त्यात फरपटलेला येतो. थांबवून पाहिलं की ते चित्र वाटत नाही, अडकलेला व्हिडिओ वाटतो. हा मार्ग सोडला आणि युद्धाचा उल्लेखच काढून टाकला. कोणालाही त्याची उणीव भासलेली नाही.

१४ फेब्रुवारी

आवाजाचं काम. यात सगळ्यांत जास्त सुधारणा झाली आणि खर्च सगळ्यांत कमी.

रांगेचं दृश्य मुळात साडेसहा मिनिटांचं होतं, त्यात पर्यवेक्षक रेशनची पूर्ण पद्धत समजावतो. त्याच्या पाठमोऱ्या शॉटवर नवीन वाक्य डब केलं: “आजचे शिक्के संपले. उद्या झोपा.” ओठ दिसत नाहीत, त्यामुळे हवं ते म्हणवून घेता येतं. या दोन वाक्यांनी आधीचं सगळं स्पष्टीकरण अनावश्यक केलं. दृश्य दोन मिनिटांच्या आत आलं. नव्याने माहिती घालायची असेल तर पाठमोरे शॉट, दाराआडचे आवाज आणि ऐकणाऱ्याचे चेहरे आधी शोधून ठेवावेत.

डब केलेलं वाक्य मात्र बाकीच्या आवाजात बसेना. स्टुडिओतला आवाज कोरडा आणि जवळचा, कॉरिडॉरचा आवाज घुमणारा. सॉफ्टवेअरमधला रिव्हर्ब, म्हणजे कृत्रिम घुमारा, लावून जमलं नाही. शेवटी तसाच एक रिकामा जिना शोधला, स्पीकरवर ते वाक्य वाजवलं आणि जिन्याच्या दुसऱ्या टोकाला माइक ठेवून पुन्हा रेकॉर्ड केलं. लगेच बसलं.

चित्रीकरणात रूम टोन, म्हणजे कोणी बोलत नसताना जागेत असणारा मंद आवाज, वेगळा घेतलेला नव्हता. प्रत्येक कटवर मागची शांतता बदलत होती. दोन वाक्यांमधल्या, कोणी बोलत नसलेल्या जागा वेचून, त्या जोडून सलग पट्ट्या तयार केल्या आणि दृश्यांखाली अंथरल्या. कंटाळवाणं काम आहे, पण ते झाल्यावर कट दिसेनासे होतात. रात्रीचा भोंगा ही एकच नवी गोष्ट घातली. तो वाजला की ज्यांच्याकडे शिक्का आहे त्यांनी झोपायचं. पहिल्यांदा वाजतो तेव्हा कारकून दिवा मालवतो, पुढे भोंगा ऐकू आला की प्रेक्षकाला आपोआप कळतं.

२१ फेब्रुवारी

पॅच शूट, म्हणजे राहिलेल्या तुकड्यांचं छोटं चित्रीकरण. निर्मात्याने कलर करेक्शनच्या, म्हणजे चित्राचे रंग जुळवायच्या, पैशांतून थोडे काढून दिले. एक खोली, एक टेबल, एक कॅमेरा. हवं होतं ते एवढंच: नोंदवहीचं पान, त्यात बाईच्या क्रमांकावर ओढलेली रेघ, आणि खाली मुलीचा क्रमांक लिहिणारा हात. ही चोरी मूळ चित्रपटात फक्त बोलण्यात होती.

नटाने दरम्यान दाढी वाढवली होती, म्हणून फक्त हात. बाही, घड्याळाचा पट्टा, नखं, हे सगळं जुन्या फुटेजशी ताडून घेतलं. शाईचा रंग सेटवरच्या फोटोंवरून ठरवावा लागला, कारण पॅड फेकून दिलं होतं. जांभळी शाई, बाजारातली निळी नव्हे. निळ्या शाईवरचा पहिला शॉट वाया गेला.

खोलीत जुनी ट्यूबलाइट होती आणि चाचणी शॉटमध्ये चित्र लुकलुकत होतं. जिथे वीज ५० हर्ट्झची आहे तिथे असे दिवे सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतात, त्यामुळे १/४८ चं शटर त्यांच्याशी जुळत नाही. १/५० केलं आणि लुकलुक थांबली. चित्रीकरणाआधी मिनिटभराची चाचणी घेऊन ती मोठ्या पडद्यावर बघायलाच हवी, कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्यावर हे दिसत नाही.

२ मार्च

मूळ चित्रपट न पाहिलेल्या लोकांना नवा कट दाखवला. लांबी ८६ मिनिटं. या वेळी कागद भरून घेतले नाहीत. प्रत्येकाला ‘गोष्ट सांगा’ एवढंच म्हटलं आणि ऐकत बसले.

झोपेचा नियम सगळ्यांनी पहिल्याच वाक्यात सांगितला. बाईचा अपघात कारकुनामुळे झाला हे बहुतेकांनी सांगितलं, एकाने तर “मुलगी झोपलेली दिसली की मला ती बाई आठवायची” असं म्हटलं. त्या कटवर मी सगळ्यांत जास्त वेळ घालवला होता.

विद्रोही मात्र कोणालाच कळले नाहीत. कोणी त्यांना चोर समजलं, कोणी कारखान्याचे कामगार. ४०व्या ते ५२व्या मिनिटांत लोक खुर्चीत हलत होते, एकाने घड्याळ बघितलं. त्या भागात कारकुनाला काय हवंय हे दाखवणारा एकही शॉट चित्रित झालेला नाही आणि संकलनातून तो निर्माण होत नाही.

९ मार्च

एडिट लॉक केला, म्हणजे संकलन कायम केलं. चित्रपट आता कळतो, पहिला अर्धा तास चांगला आहे आणि शेवट लागतो. मधली बारा मिनिटं अजूनही निराश करतात. विद्रोह्यांची दोन दृश्यं दिग्दर्शकाच्या आग्रहाने ठेवली आहेत. मी ती काढली असती, पण चित्रपट त्याचा आहे आणि प्रयोगशाळा सोडताना त्याने जे सोसलं ते मी पाहिलंय.

कलर आणि मिक्सिंगला फायली पाठवताना प्रत्येक शॉटला दोन्ही बाजूंनी एक सेकंद जादा ठेवला आहे, बी कॅमेऱ्याच्या क्लिपची वेगळी यादी सोबत जोडली आहे, नाहीतर १३ जानेवारीचा घोळ तिकडे पुन्हा होईल. काढलेली दृश्यं स्वतंत्र टाइमलाइनवर क्रमाने लावून दिग्दर्शकाकडे दिली. प्रयोगशाळेचे शॉट ज्या मुलाने बनवले होते त्याला ते पूर्ण लांबीत, त्याच्या कामाच्या नमुन्यांत वापरता यावेत म्हणून वेगळे काढून पाठवले.